अमेरिकेत कॉलेजचा स्विमिंग कोच व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका छोट्या कॉलेजात जलतरण संघाचा सहायक प्रशिक्षक आहे. मराठी मंडळींकडून या नोकरीबद्दल सतत विचारणा होते. आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून आता मास्टर्ससाठी इकडे येऊ पाहणारी मुलं-मुली विचारतात, भारतात क्लबवर शिकवणारे प्रशिक्षक विचारतात आणि इकडेच वाढलेल्या मुलांचे आईवडीलही विचारतात. नेहमी येणारे प्रश्न खाली एकत्र केले आहेत. व्हिसाचे आणि एनसीएएचे (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची नियामक संस्था) नियम बदलत असतात, त्यामुळे पाऊल उचलण्याआधी त्या वर्षीचा नियम जरूर तपासा.

१. कॉलेजचा स्विमिंग कोच म्हणजे आपल्याकडच्या फिजिकल डायरेक्टरसारखी पोस्ट का?

नाही. आपल्याकडे शारीरिक शिक्षण संचालक एकटाच कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे संघ पाठवतो. पोहणारा मुलगा सराव करतो पुण्याच्या टिळक टँकवर नाहीतर दादरच्या महात्मा गांधी तलावावर, आपल्या क्लबच्या सरांकडे. कॉलेजचं नाव येतं ते फक्त प्रवेशिकेवर. अमेरिकेत संघ कॉलेजचा, बहुतेक ठिकाणी तलावही कॉलेजचा आणि कोच हा कॉलेजचा पगारी कर्मचारी असतो, तोही फक्त पोहण्यासाठी. डायव्हिंगला बहुधा वेगळा कोच असतो. मोसम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेने संपतो. शर्यती २५ यार्डांच्या, म्हणजे २२.८६ मीटरच्या तलावात होतात. भारतातल्या ५० मीटर तलावावरच्या वेळा इथे कुणाला सांगायच्या असतील तर यार्डांत रूपांतर करूनच सांगाव्या लागतात.

२. डिव्हिजन एक, दोन आणि तीन यांत फरक काय? नोकरीसाठी कोणतं चांगलं?

हे एनसीएए या संस्थेने केलेले गट आहेत. डिव्हिजन एकमध्ये मोठी विद्यापीठं येतात: टेक्सस, फ्लोरिडा, इंडियाना, स्टॅनफर्ड, व्हर्जिनिया. तिथे क्रीडा शिष्यवृत्त्या असतात, कर्मचारी जास्त आणि दडपणही जास्त. डिव्हिजन दोनमध्ये शिष्यवृत्त्या कमी. डिव्हिजन तीनमध्ये क्रीडा शिष्यवृत्ती अजिबात नसते; मुलं आधी अभ्यासासाठी कॉलेज निवडतात. याखेरीज एनएआयए ही छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आणि दोन वर्षांची ज्युनिअर कॉलेजं आहेतच.

डिव्हिजन तीनला कमी लेखू नका, हे मी आग्रहाने सांगतो. ओहायोतल्या केनियन कॉलेजात जिम स्टीन यांच्या पुरुष संघाने १९८० पासून २०१० पर्यंत सलग ३१ राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. २०११ मध्ये ही मालिका शेजारच्या डेनिसनने तोडली, अवघ्या एका गुणाने. डेनिसनचे कोच ग्रेग पॅरिनी हे केनियनमध्ये स्टीन यांच्याच हाताखाली पोहलेले. छोट्या कॉलेजात सहायकाला पहिल्याच वर्षी स्वतःचा गट, स्वतःचे सरावाचे सेट, स्वतःच्या चुका सगळं मिळतं. मोठ्या विद्यापीठात त्यासाठी कधीकधी पाच-सहा वर्षं थांबावं लागतं.

३. सुरुवातीपासून हेड कोच होईपर्यंतच्या पायऱ्या कोणत्या?

नेहमीचा क्रम असा: स्वतः कॉलेजात पोहणं, उन्हाळ्यात क्लबवर किंवा शिबिरात लहान मुलांना शिकवणं, मग मास्टर्स करता करता ग्रॅज्युएट असिस्टंट (म्हणजे शिकतानाच संघासाठी काम करणारा विद्यार्थी-सहायक), मग सहायक, मग असोसिएट हेड कोच, आणि शेवटी हेड कोच. प्रत्येक पायरीला गाव बदलावं लागतं हे गृहीत धरा.

पण नावाजलेल्या माणसांचे रस्ते पाहिले की कळतं, पायऱ्यांपेक्षा कुणाच्या हाताखाली शिकलात हे जास्त महत्त्वाचं. अँथनी नेस्टी मूळचे सुरिनामचे. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण त्यांनी मॅट बियाँडीला एक शतांश सेकंदाने मागे टाकून जिंकलं. शाळेत त्यांचे कोच होते ग्रेग ट्रॉय. पुढे फ्लोरिडा विद्यापीठात हेच ट्रॉय हेड कोच झाले आणि नेस्टी त्यांचे सहायक. ऑलिंपिक विजेता माणूस सुमारे वीस वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली राहिला. २०१८ मध्ये ट्रॉय निवृत्त झाल्यावर नेस्टी पुरुष संघाचे हेड कोच झाले, नंतर महिला संघही त्यांच्याकडे आला, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेच्या पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक होते.

एडी रीस यांची सुरुवात एका हायस्कूलमधून. मग फ्लोरिडात सहायक, ऑबर्नमध्ये हेड कोच, आणि १९७८ पासून २०२४ पर्यंत टेक्सस. तिथे त्यांच्या नावावर १५ राष्ट्रीय सांघिक विजेतेपदं आहेत. त्यांचे सहकारी क्रिस क्युबिक तीन दशकांहून जास्त काळ त्यांच्याच जोडीला राहिले. हेड कोच न होताही या पेशात भरलेलं आयुष्य जगता येतं, हे त्यांच्याकडे पाहून मला पटलं. मुलं मला विचारतात, "किती वर्षांत हेड कोच होईन?" मी उलट विचारतो, पहिली पाच वर्षं कुणाशेजारी उभं राहून शिकणार आहात?

४. मी नॅशनलला पदक मिळवलेलं नाही. माझं काही होईल का?

होईल. चांगला पोहणारा असणं पहिल्या नोकरीला उपयोगी पडतं, कारण अर्जावर ते पटकन दिसतं. पुढे त्याला फारसं कुणी विचारत नाही. बॉब बोमन स्वतः पोहणारे म्हणून ऑलिंपिकपर्यंत पोहोचले नव्हते. फ्लोरिडा स्टेटमध्ये ते पोहले, विकासात्मक मानसशास्त्र शिकले, क्लबवर कोचिंग करत राहिले, आणि बाल्टिमोरमध्ये अकरा वर्षांचा मायकेल फेल्प्स त्यांच्या हाती आला. त्यांच्या संघांनी २०२४ मध्ये अॅरिझोना स्टेटसाठी आणि २०२५ मध्ये टेक्ससमध्ये पुरुषांचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं.

जिल्हा किंवा विद्यापीठ पातळीवर पोहलेल्या माणसाकडे एक जमेची बाजू असते. जे सहज येत नव्हतं ते कसं शिकलो, हे त्याला आठवत असतं.

५. कोणती पदवी घ्यावी? माझा एनआयएस डिप्लोमा चालेल का?

किमान पदवी लागतेच आणि बऱ्याच जाहिरातींत मास्टर्सला पसंती असते. किनेसिऑलॉजी, व्यायामशास्त्र, क्रीडा व्यवस्थापन, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र यांपैकी काहीही चालतं. या पेशाला अभ्यासाची मोठी परंपरा आहे. इंडियानाचे जेम्स काउन्सिलमन आयोवातून डॉक्टरेट झालेले होते. ते पाण्याखाली चित्रण करून स्ट्रोक तपासत. मार्क स्पिट्झ त्यांच्याकडे पोहला आणि १९६८ ते १९७३ अशी सलग सहा राष्ट्रीय विजेतेपदं त्यांच्या संघाने जिंकली.

एनआयएस डिप्लोमा (पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक डिप्लोमा) अर्जात जरूर लिहा, पण तो काय आहे हे एका ओळीत समजावून सांगा. इथल्या हेड कोचला पतियाळा माहीत असेलच असं नाही. इथे आल्यावर अमेरिकन स्विमिंग कोचेस असोसिएशनचे प्रमाणपत्राचे स्तर पूर्ण करता येतात. क्लबवर शिकवायचं तर यूएसए स्विमिंग या राष्ट्रीय जलतरण संघटनेचं कोच सदस्यत्व लागतं. त्यासाठी पार्श्वभूमी तपासणी, खेळाडू संरक्षणाचं प्रशिक्षण, सीपीआर आणि जलसुरक्षेचं प्रमाणपत्र हवं.

एक अडचण आधीच सांगतो. आपली बी.ए., बी.एस्सी. बहुधा तीन वर्षांची असते आणि काही अमेरिकन विद्यापीठं मास्टर्सला चार वर्षांची पदवी मागतात. अर्ज करण्याआधी विभागाला थेट विचारून घ्या.

६. दिवस कसा जातो? नुसतं काठावर उभं राहायचं असतं का?

मोसमात माझा दिवस पहाटे तलावाचं दार उघडण्यापासून सुरू होतो. वॉर्मअप झाला की मुख्य सेट. समजा, मध्यम अंतराच्या गटाला १०० यार्ड बारा वेळा आहेत आणि दर १ मिनिट १० सेकंदांनी सुटायचं आहे. एका लेनमध्ये पाच जण, पाच-पाच सेकंदांच्या अंतराने, नजर भिंतीवरच्या पेस क्लॉकवर. माझ्या एका हातात स्टॉपवॉच असतं, दुसऱ्या हातात वही, आणि शेजारच्या लेनमधल्या ब्रेस्टस्ट्रोकवाल्या मुलीचे स्ट्रोक मी तोंडाने मोजत असतो. पहिल्या फेऱ्यांत ती २५ यार्ड सात स्ट्रोकमध्ये कापते. सहाव्या फेरीपासून नऊ होतात, वेळ मात्र तीच असते. म्हणजे किकनंतरचं सरकणं संपलंय, हात घाई करतायत. ती भिंतीला टेकली की पुढच्या सुटण्याआधी मला जेमतेम दहा सेकंद मिळतात. त्यात एकच गोष्ट सांगायची: "किक संपू दे, मग हात उघड." दोन गोष्टी सांगितल्या की दोन्ही हुकतात. हे मला कुठल्या अभ्यासक्रमात कळलं नाही, माझ्या हेड कोचबाईंनी वर्षभर शेजारी उभं करून शिकवलं.

साडेआठनंतर टेबलावरचं काम. बस ठरवणं, हॉटेल, तीस जणांचं जेवण, स्पर्धेच्या प्रवेशिका, कुणाचे मार्क घसरलेत ते पाहणं, सरावाच्या तासांची नोंद. डिव्हिजन एकमध्ये मोसमात आठवड्याला २० तास आणि दिवसाला ४ तास अशी मर्यादा असते, आठवड्यातला एक दिवस सुट्टी द्यावीच लागते. स्पर्धेचा दिवस कितीही लांबला तरी तीनच तास धरला जातो. दुपारी पुन्हा सराव, जिम. रात्री फोन (प्रश्न ७ पाहा).

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. बंदिस्त तलावाच्या हवेत क्लोरीनपासून तयार होणारं क्लोरामाइन साठतं आणि खोकला लागतो. मुलाखतीला गेलात की तलावावर अर्धा तास उभे राहा आणि हवा कशी खेळती आहे ते पाहा.

७. रिक्रूटिंग म्हणजे काय? त्यावर नोकरी का अवलंबून असते?

पुढच्या वर्षांचे खेळाडू शोधणं आणि त्यांनी आपलं कॉलेज निवडावं म्हणून त्यांच्याशी, घरच्यांशी आणि क्लबच्या कोचशी बोलत राहणं म्हणजे रिक्रूटिंग. डिव्हिजन एकमध्ये हायस्कूलचं दुसरं वर्ष संपल्यावर १५ जूनपासून कोच थेट संपर्क करू शकतात, त्यामुळे त्या रात्री बारा वाजता फोन खणखणायला लागतात.

सहायकाच्या नेमणुकीत सर्वाधिक वजन याच कौशल्याला असतं. भारतातून आलेले प्रशिक्षक इथे अडखळतात. सोळा वर्षांच्या मुलाशी बरोबरीच्या नात्याने बोलणं आणि त्याचा नकार मनाला न लावून घेणं आपल्याला सरावाचं नसतं. माझं ठाम मत आहे की रिक्रूटिंगमध्ये खोटं बोलून आणलेला खेळाडू वर्षभरात निघून जातो. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) आहे आणि आता कॉलेज बदलणं खूप सोपं झालंय. "तुला पहिल्या वर्षी रिलेत जागा मिळणार नाही" हे आधीच सांगितलेला मुलगा टिकतो.

८. पगार किती?

अमेरिकी श्रम सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३ च्या आकड्यांनुसार सगळ्या खेळांचे कोच आणि स्काउट मिळून मध्यम वार्षिक वेतन ४५ हजार डॉलरच्या आसपास होतं. मोठ्या विद्यापीठांतले हेड कोच याच्या कितीतरी पट कमावतात, छोट्या कॉलेजातले नवे सहायक याहून कमी. पगारासोबत आरोग्य विमा, उन्हाळी शिबिरांचं उत्पन्न आणि बऱ्याच ठिकाणी मुलांच्या शिक्षणात फी-माफी, हे सगळं धरून हिशेब करा. सॉफ्टवेअरमधल्या मित्राच्या पगाराशी तुलना करून हा निर्णय घेता येणार नाही. करार बहुधा वर्षावर्षाचे असतात.

९. व्हिसाचं काय? ही नोकरी करून इथे राहता येतं का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि खरं उत्तर असं की रस्ता आहे, पण अरुंद.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकत असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं. ग्रॅज्युएट असिस्टंटशिप त्यातच बसते. पदवीनंतर १२ महिने ओपीटी (अनुभवासाठी नोकरी करण्याची परवानगी) मिळतं, पण काम पदवीच्या विषयाशी निगडित हवं. कॉम्प्युटरची पदवी घेऊन कोचिंगवर ओपीटी दाखवता येत नाही. पुढची २४ महिन्यांची वाढ फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) विषयांना, आणि ते तुमच्या अभ्यासक्रमाच्या सरकारी कोडवर ठरतं. व्यायामाशी संबंधित सगळे कोड त्यात नाहीत. प्रवेश घेण्याआधी कोड विचारा, नंतर बदलत नाही.

त्यापुढे एच-१बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. विद्यापीठांना वार्षिक कोट्याची मर्यादा लागू नाही, म्हणजे लॉटरी नाही. ही मोठी सोय. पण कोचच्या पदाला विशिष्ट विषयाची पदवी आवश्यकच आहे हे कॉलेजला सिद्ध करावं लागतं आणि ठरलेल्या दराइतका पगार द्यावा लागतो. छोटी कॉलेजं इथेच मागे हटतात. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. अमेरिकेतच राहून एफ-१ वरून बदल करणाऱ्यांना ते लागू नाही असं नंतर स्पष्ट करण्यात आलं, पण भारतातून थेट येणाऱ्या प्रशिक्षकासाठी कुठलं कॉलेज एवढी रक्कम भरेल असं मला वाटत नाही. म्हणून आज व्यवहार्य वाट एकच दिसते: विद्यार्थी म्हणून या, योग्य विषय घ्या, कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाशी पहिल्या दिवसापासून बोलत राहा.

१०. ग्रॅज्युएट असिस्टंटशिप मिळवायची कशी?

मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा संपली की कोचच्या बदल्या सुरू होतात आणि एप्रिल ते जुलै जाहिराती येतात. कॉलेज कोचेस असोसिएशनचं संकेतस्थळ, एनसीएए मार्केट आणि स्विमस्वॅम या जलतरण-बातम्यांच्या संकेतस्थळावरचं नोकऱ्यांचं पान पाहत राहा.

ईमेल छोटी लिहा. पदकांची आणि प्रमाणपत्रांची स्कॅन प्रत जोडू नका. त्याऐवजी सांगा: किती मुलांना शिकवलं, कोणत्या वयाच्या, मोसमाच्या सुरुवातीला ती कुठे होती आणि शेवटी कुठे पोहोचली. तुम्ही काठावर शिकवत असतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, आवाजासकट. हेड कोचला तुमचं बोलणं ऐकायचं असतं. आणि त्या संघाबद्दल काहीतरी नेमकं लिहा. शंभर कॉलेजांना पाठवलेलं एकच पत्र पहिल्या ओळीत ओळखू येतं.

११. पगाराशिवाय स्वयंसेवक म्हणून सुरुवात करू का?

डिव्हिजन एकमध्ये स्वयंसेवक कोच हा प्रकार जुलै २०२३ पासून बंद झाला. ती पदं नेहमीच्या कोचच्या संख्येत धरली जातात. हे चांगलंच झालं. वर्षानुवर्षं पूर्णवेळ राबणाऱ्या तरुणांना पैसे मिळत नव्हते. इतर डिव्हिजनमध्ये संधी असतात, पण विद्यार्थी व्हिसावर असाल तर बिनपगारी कामालाही नियम आहेत (प्रश्न ९ मधल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला इथेही विचारा).

१२. मुलीला कोच व्हायचंय. या क्षेत्रात बायकांना कितपत वाव आहे?

शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने महिला संघ वाढले, पण हेड कोचच्या खुर्चीत आजही पुरुषच जास्त दिसतात. अमेरिकेच्या ऑलिंपिक जलतरण संघाची मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिली महिला, टेरी मॅक्कीव्हर, २०१२ मध्ये आली. अडचण बहुतेकदा तिशीत येते: पहाटेचा सराव, शनिवारच्या स्पर्धा, रात्रीचे फोन आणि घरात लहान मूल. नोकरी निवडताना मुलीने एवढंच पाहावं की त्या विभागात आधीपासून आई झालेल्या कोच टिकून आहेत का. त्यांना भेटून विचारावं.

१३. "हाऊस" समझोत्यानंतर स्विमिंगच्या नोकऱ्या कमी होतायत असं ऐकलं. खरं का?

खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध केलेल्या दाव्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या या समझोत्याने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. जलतरणात आधी पुरुषांना ९.९ आणि महिलांना १४ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. ती जाऊन, समझोत्यात सामील विद्यापीठांना संघात कमाल ३० जण ही मर्यादा आली. एसईसी या मोठ्या विद्यापीठांच्या गटाने पुरुषांसाठी ती २२ वर आणली. मोठ्या संघातून बाहेर पडलेली चांगली मुलं मधल्या आणि छोट्या कॉलेजांत येतायत, त्यामुळे तिथली पातळी वाढतेय. पण पैसा फुटबॉल-बास्केटबॉलकडे ओढला जातोय आणि पोहणं हा कमाई करून देणारा खेळ नाही. मला काळजी वाटते ती पुरुष संघांची.

१४. संघच बंद पडला किंवा हेड कोच सोडून गेला तर माझं काय?

दोन्ही घडतं. २०२० मध्ये मिशिगन स्टेटने दोन्ही जलतरण संघ बंद केले. आयोवानेही तसंच जाहीर केलं. महिला संघ नंतर परत आला, पुरुषांचा नाही. आणि हे ते आयोवा, जिथे १९३० च्या दशकात डेव्हिड आर्मब्रस्टर यांनी बटरफ्लायला आकार दिला. संघाच्या इतिहासाच्या भरवशावर राहू नका. मुलाखतीत विचारा: तलाव किती जुना आहे, दुरुस्तीचा पैसा कुठून येतो, माजी खेळाडू देणग्या देतात का.

हेड कोच गेला की सहायकांची नोकरी नव्या माणसाच्या मर्जीवर येते. काहींना जुना कोच सोबत नेतो, काहींना तिथेच बढती मिळते. बोमन टेक्ससला गेल्यावर अॅरिझोना स्टेटने त्यांचे सहकारी हर्बी बेम यांनाच हेड कोच केलं. व्हिसावर असाल तर अशा वेळी दिवस मोजकेच असतात, त्यामुळे बातमी लागताच वकिलाशी बोला.

१५. मी सहायक आहे आणि हेड कोच खेळाडूंना घालूनपाडून बोलतात, दुखापतीत पोहायला लावतात. मी काय करू?

लिहून ठेवा: तारीख, वेळ, शब्द. आणि विद्यापीठाच्या ठरलेल्या कार्यालयात कळवा. अल्पवयीन मुलावर अत्याचाराचा संशय असेल तर थांबूच नका. २०१८ पासूनच्या फेडरल कायद्याने क्रीडा संघटनांशी जोडलेल्या प्रौढांवर ते कळवण्याची सक्ती आहे. तक्रारींसाठी यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्ट आहे. मोठं नाव आड येत नाही: वर उल्लेखलेल्या मॅक्कीव्हर यांना खेळाडूंच्या तक्रारींच्या चौकशीनंतर विद्यापीठाने जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकलं. "गुरूविरुद्ध कसं बोलायचं" ही आपल्याकडची घुसमट मला पूर्ण समजते. पण त्या पाण्यातली मुलं तुमच्याही भरवशावर उतरलेली असतात.

१६. कॉलेजची नोकरी करताना जवळच्या क्लबवर शिकवता येतं का?

बरेच जण शिकवतात, पगाराला तेवढाच हातभार. डिव्हिजन एकमध्ये अट अशी की क्लब कॉलेजच्याच गावचा हवा आणि हायस्कूल वयाचे खेळाडू ५० मैलांच्या आतले रहिवासी हवेत. नाहीतर ते छुपं रिक्रूटिंग ठरतं. कॉलेजचं शिबिरही सर्वांना खुलं ठेवावं लागतं. अपवादांची यादी लांब आहे, म्हणून पहिला वर्ग घेण्याआधी कॉलेजच्या कम्प्लायन्स (नियमपालन पाहणाऱ्या) कार्यालयाकडून लेखी होकार घ्या. एफ-१ किंवा एच-१बी वर असाल तर क्लबचं काम वेगळ्या परवानगीशिवाय अजिबात करू नका, ओळखीच्या मराठी कुटुंबाच्या मुलांना पैसे घेऊन शिकवणंसुद्धा नाही.

१७. काही वर्षांनी भारतात परत आलो तर या अनुभवाची किंमत होईल का?

खासगी अकादम्या, तलाव असलेल्या शाळा आणि मोठे क्लब यांच्याकडे होते. सरकारी प्रशिक्षकपदाच्या जाहिरातीत मात्र एनआयएस पदविका किंवा समकक्ष पात्रता मागितलेली असते आणि समकक्ष काय धरायचं यावर कागदपत्रांची खूप ओढाताण होते. परतायचा विचार मनात असेल तर इथे असतानाच पदवीचे अभ्यासक्रम-तपशील, नेमणुकीची पत्रं आणि कामाचे तास दाखवणारे दाखले विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी घेऊन ठेवा. नोकरी सोडल्यानंतर ते मागवायला महिने जातात.